पाऊस संध्याकाळी सहाचा

सप्टेंबर उतरणीला लागला आणि कुणी ‘या रविवारी बाहेर काहीतरी करू या का’ म्हणालं, की मी तारखेवरून वाद घालत नाही. फक्त वेळ विचारते. सकाळी असेल तर डोळे मिटून हो, संध्याकाळी असेल तर ‘बघू’. गणपती गेल्यापासून दिवाळीच्या खरेदीपर्यंतच्या दिवसांत आज पाऊस पडेल का, असं विचारण्यात अर्थ नसतो. पडला तर तो कधी पडणार हे मात्र बहुतेक ठरलेलं असतं. ऑफिसं सुटली, मुलं खाली खेळायला आली, भेळवाल्याने गाडी लावली, की आला.

पुण्यातला असा एखादा दिवस जरा नीट बघावा. सकाळी सहाला गच्चीचा कठडा दवाने ओला, टेकडीवर पातळ धुकं, आणि हवेत इतपत गारवा की स्वेटर माळ्यावरून काढावेत का असं वाटून जातं. नऊला ऊन टोचायला लागतं. अकराला आकाश निळंशार, आणि ‘संपला बाई एकदाचा पाऊस’ म्हणत कुणीतरी गाद्या उन्हात टाकतं. दोनला शर्ट पाठीला चिकटतो. साडेतीनच्या सुमाराला हडपसर, दिवे घाटाच्या अंगाला एक ढग डोकं वर काढतो, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, पांढराशुभ्र, कडा लख्ख. चहाचा कप घेऊन पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसलं तर तो वाढताना चक्क दिसतो. मग त्याचा तळ काळा पडतो. साडेपाचला वारा एकदम पडतो, पान हलत नाही, आणि दोनच मिनिटांत धुळीचा गार झोत येतो. दोरीवरच्या चादरी आडव्या होतात आणि समोरच्या बिल्डिंगमधून हाक ऐकू येते, ‘अगं, गाद्या! गाद्या!’

जून-जुलैचा पाऊस असा नसतो. तो पश्चिमेकडून, मुळशी-सिंहगडाकडून येतो आणि दिवसचे दिवस रिपरिपत राहतो. छत्री घ्यायची आणि निघायचं, विषय संपला. सप्टेंबरअखेर मात्र नैऋत्येचे वारे दमतात, पूर्वेकडचे वाहू लागतात, आकाश मोकळं होतं, आणि चार महिने भिजलेली जमीन तापली की वाफा सोडते. ती दमट गरम हवा दुपारभर वर चढते, दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे करते आणि संध्याकाळी विजांसकट खाली येते. रात्री जमीन निवली की ढगांना खालून मिळणारा खुराक बंद होतो. म्हणून सातला ज्यांच्या डोक्यावर धबधबा पडला, तेच लोक दहाला आइस्क्रीम खायला बाहेर पडतात तेव्हा वर चांदण्या असतात.

आता आपली गंमत बघा. वर्षातले उघड्यावरचे जितके म्हणून संध्याकाळचे कार्यक्रम आहेत, ते आपण नेमके याच दिवसांत भरून ठेवलेत. नवरात्रातला गरबा, भोंडला, दसऱ्याचं सोनं वाटणं, जिथे रावण जाळतात तिथे रावण (भिजलेला रावण पेटवायला भलतेच कष्ट पडतात), आणि कोजागरी. त्यात पाच वर्षांनी विधानसभा याच सुमाराला आली तर सभा. साताऱ्याची १८ ऑक्टोबर २०१९ची सभा सगळ्यांच्या लक्षात आहे. धो धो पावसात शरद पवार छत्रीशिवाय बोलत उभे राहिले आणि तो फोटो भाषणापेक्षा जास्त फिरला. उलट २६ सप्टेंबर २०२४ला पंतप्रधानांचा पुण्यातला कार्यक्रम पावसामुळे रद्द झाला, मैदानात चिखल झाला होता, आणि मेट्रोच्या नव्या मार्गाचं उद्घाटन तीन दिवसांनी दूरस्थ पद्धतीने झालं. राजकारण ज्याचं त्याने बघावं. मला त्यात फक्त घड्याळ दिसतं. दोन्ही बेत संध्याकाळचे होते.

आमच्या सोसायटीचा भोंडलाही संध्याकाळी सहाचाच असतो. शाळा, क्लास, ऑफिस सगळं आटपून बायका-मुली जमणार म्हणजे दुसरी वेळ मिळणार कुठून? गच्चीच्या मधोमध पाट मांडायचा, त्यावर रांगोळीने हत्ती काढायचा, सोंडेत फुलांची माळ द्यायची आणि त्याभोवती फेर धरायचा. हस्त नक्षत्राचा हा खेळ, म्हणून हत्ती. आणि हस्ताचा पाऊस म्हणजे काय, ते त्या हत्तीलाच विचारावं. पहिल्या गाण्याचा फेर पुरा होतो न होतो तोच टपोरे थेंब पडतात, आधी सोंड पुसली जाते, मग कान, मग दोघीजणी पाट उचलून जिन्याकडे पळतात तेव्हा त्यावर नुसता गुलाबी ओघळ उरलेला असतो. भोंडला मग पार्किंगमध्ये. तिथे खांब आणि स्कूटी चुकवत फेर धरायचा म्हणजे वर्तुळाचं पार वाकडंतिकडं काहीतरी होतं. खिरापत ओळखायचा खेळही बुडतो, कारण बंद पार्किंगमध्ये वाटल्या डाळीचा वास डबा उघडायच्या आधीच सगळीकडे पोचलेला असतो. मुलींना याचं काहीही वाटत नाही. त्यांना पार्किंगमधला भोंडलाच जास्त आवडतो, आवाज घुमतो म्हणून.

आमची आजी हवामानाचा अंदाज पंचांगात बघायची. सूर्य साधारण २७ सप्टेंबरला हस्तात जातो, १०-११ ऑक्टोबरला चित्रात, २४च्या आसपास स्वातीत. प्रत्येक नक्षत्राला त्या त्या वर्षी एक वाहन. बेडूक, म्हैस, हत्ती आलं की पाऊस चांगला. घोडा, कोल्हा आलं की आजी नाक मुरडायची. वाहनांवर माझा विश्वास नाही, पण पंचांगाच्या त्या पानातून एक गोष्ट फार कामाची कळते. नक्षत्रं सूर्याने चालतात आणि सण चंद्राने. म्हणून हस्ताचा पाऊस दरवर्षी त्याच तारखांना येतो आणि नवरात्र त्याच्या पुढेमागे सरकत राहतं. २०२३ला अधिक श्रावण आला, दसरा थेट २४ ऑक्टोबरला गेला. तोवर मोसमी पाऊस देशातून परतलेला होता. २०२५चा दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे भर हस्तात. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे, दसरा २० ऑक्टोबरला. गरब्याचे महागडे पास काढणाऱ्यांनी कलाकार कोण ते नंतर बघावं, आधी अधिक महिना आहे का ते बघावं.

हवामान खात्यानेही या बाबतीत थोडं नमतं घेतलंय. पुण्यात त्यांच्या जुन्या कचेरीला रिक्षावाले अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात, कारण १९२८मध्ये ती सिमल्याहून इथे आली. २०२०मध्ये खात्याने मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य राजस्थानातून पाऊस माघारी फिरायची तारीख आधी १ सप्टेंबर होती, ती १७ झाली. मुंबईतून निघायची २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे पाहुणा निघतो निघतो म्हणत दारात तासभर उभा राहतो, हे सरकारी कागदावर आलं. मुंबईकरांना त्याचं वेगळं दुःख. पाऊस असेपर्यंत गरबा भिजतो आणि पाऊस गेला की ऑक्टोबरचा उकाडा. घामाने भिजायचं की पावसाने, एवढीच निवड.

पूर्वी लोक यातून काय वाट काढत, तर थांबत. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. नद्यांचे उतार मोकळे झालेले, रानात घोड्यांना चारा, वाटांवरचा चिखल सुकत आलेला. एवढी फौज बाहेर काढायची तर पाऊस उलगडल्याशिवाय हलायचं नाही, हा साधा हिशेब. आपण मात्र जुलैमध्येच हॉलवाल्याला, लॉनवाल्याला, केटररला आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतो आणि मग मोबाइलवर दर तासाला ढगाचं चित्र बघत बसतो. त्या चित्रात ‘पावसाची शक्यता चाळीस टक्के’ असं आलं की प्रत्येकाला आपल्याला हवं तेच वाचता येतं.

या सगळ्यात सकाळची वेळ बिचारी फुकट जाते. कासला जाणारे लोक बघा. साताऱ्याहून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर ते पठार, सप्टेंबरमध्ये फुलांचा भर, ऑनलाइन बुकिंग करून जायचं. पण पुण्यातून निघतानाच आठ, मग वाटेत मिसळ, मग पुन्हा चहा. पोचेपर्यंत बारा, आणि फोटो काढून होतात तोवर पलीकडच्या दरीतून ढग वर येतो. खरं कास सकाळी बघावं. कातळावरच्या पातळ ओल्या मातीत सीतेची आसवं दाट उगवलेली असतात, नखाएवढी, जांभळी-निळी, आणि बघायला अक्षरशः उकिडवं बसावं लागतं. एवढं नाजूक दिसणारं हे झाड मातीतले सूक्ष्म जीव पकडून खातं, हे कळल्यावर माझ्या भाचीने पटकन बोट मागे घेतलं. तिला मी सांगितलं की तुझ्या बोटाला धोका नाही. तिने खात्री करून घेतली, मग तेरड्याकडे गेली. तेरडा शाकाहारी आहे का, हेही विचारून घेतलं.

आपले बेत बुडतात म्हणजे फार तर भेळ ओली होते, एवढं भान मात्र ठेवायला हवं. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, कापसाची बोंडं फुटायला लागलेली असतात, आणि हाच संध्याकाळचा पाऊस शेतात सात-आठ दिवस मुक्कामाला राहिला तर उभ्या शेंगांना कोंब येतात. २०२५च्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर ‘गरब्याचं काय?’ असा मेसेज आला तेव्हा बराच वेळ कुणीच उत्तर दिलं नाही. दसऱ्याला बाजारातला झेंडू काळवंडलेला आणि महाग होता, आणि घासाघीस करायची लाज वाटली.

राहता राहिली कोजागरी. तिच्यावर मी बराच विचार केलाय, कारण दरवर्षी दुधाचं पातेलं गच्चीवरून खाली आणणाऱ्यांत मी असते. लक्ष्मी फिरायला निघते ती मध्यरात्री, कोण जागं आहे ते बघायला. म्हणजे मूळ बेत रात्री बाराचा आहे. त्या वेळी ढग विरलेले, हवा धुतलेली, चंद्र बरोब्बर डोक्यावर, दूध आटवायला निवांत चार तास. इतकी अचूक वेळ कुणीतरी आधीच काढून दिलेली असताना, मुलांची शाळा आणि मोठ्यांची सकाळची लोकल म्हणून आपण कोजागरी संध्याकाळी साडेसातवर आणली आणि वर ढगांना नावं ठेवतो.

हे मी आमच्या सेक्रेटरीकाकांना समजावून सांगितलं. पूर्वेचे वारे, तापलेली जमीन, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘वहिनी, पटलं,’ ते म्हणाले, ‘पण रात्री दहानंतर गच्चीला कुलूप, हा सोसायटीचा नियम आहे. बदलायचा तर सर्वसाधारण सभेत ठराव आणावा लागेल.’ सभा कधी आहे, मी विचारलं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, म्हणाले, संध्याकाळी सहाला, गच्चीवर.