अकरा इंची लॅपटॉप, भाग ४: एसएसडी निर्दोष सुटली

भाचीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) घातल्यावर तो का अडकत होता, ते अखेर सापडलं. स्मार्टमधला (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्यातला) १९९ नंबरचा, चुका मोजणारा आकडा परवा रात्री २१४वर थांबला आणि आज दुपारी हे लिहीपर्यंत तिथंच आहे. तीन आठवडे तो रोज वाढत होता. ज्यांनी असा आकडा वाढताना बघितलाय त्यांना माझा आनंद कळेल.

थोडी उजळणी. भाचीचा ११.६ इंची लॅपटॉप, सेलेरॉन एन३०६०, ४ जीबी रॅम, आत ५०० जीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले आणि विंडोज ११ला हा प्रोसेसर चालत नाही, म्हणून मिंट एक्सएफसीई हे हलकं लिनक्स टाकलं. हार्ड डिस्कवर डेस्कटॉप यायला पावणेदोन मिनिटं लागत. २४० जीबीची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी बसवल्यावर २८ सेकंद. भाची म्हणाली, "मामा, हा माझाच लॅपटॉप ना?" तिथवर मागच्या वेळी लिहिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. सुरू केल्यावर मशीन हँग होतं, माउस हलतो पण बाकी काही उघडत नाही, अर्ध्या मिनिटानं सगळं एकदम उघडतं. असं तीन-चार वेळा झालं की मग दिवसभर सुरळीत. बंद करून चालू केलं की पुन्हा तेच.

डीमेसेज, म्हणजे लिनक्सच्या आतल्या संदेशांची नोंद, उघडली तर लाल ओळींची रांग. आधी 'फ्रोझन', मग 'हार्ड रीसेटिंग लिंक', म्हणजे डिस्क आणि बोर्डाची जोडणी नव्यानं सुरू करणं. अर्ध्या मिनिटाचं कोडं लगेच सुटलं. लिनक्स डिस्ककडून उत्तराची ३० सेकंद वाट बघतं आणि मग लिंक रीसेट करतं. पण उत्तर का येत नाही?

पहिला संशय अर्थातच एसएसडीवर. डीरॅम (स्वतःची तात्पुरती मेमरी) नसलेली, स्वस्तातली. डेस्कटॉपला जोडून रात्रभर एफआयओ (डिस्कवर ताण देणारी चाचणी) चालवलं, एकही चूक नाही. माझ्याकडची दुसरी, चांगल्यापैकी एसएसडी लॅपटॉपमध्ये घातली, तर तीही हँग. मग वीज वाचवण्याच्या सेटिंगवर संशय. लिंक पॉवर मॅनेजमेंट 'मॅक्स परफॉर्मन्स'वर ठेवलं, कारण त्यावरून असे रीसेट होतात हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भोगलंय. फरक शून्य. बायोस नवीन केलं, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदललं, तरी फरक नाही.

मग स्मार्टच्या नोंदी दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये १९९ दिसला. यूडीएमए सीआरसी एरर काउंट, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा किती वेळा बिघडला त्याची मोजदाद. डिस्कच्या आतल्या बिघाडाशी त्याचा सहसा संबंध नसतो. बोट सरळ केबलकडे जात होतं. या छोट्या मशीनमध्ये डिस्क थेट बोर्डात बसत नाही. एक चपटी फ्लेक्स केबल पामरेस्टखालून दोनदा दुमडून बोर्डापर्यंत जाते. दोन्ही टोकं काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, लॉक नीट बसवले. आकडा पुढच्या बूटला आणखी नऊनं वाढला.

आणि इथं मी चार दिवस अडकलो. कारण जुनी हार्ड डिस्क त्याच फ्लेक्सवर परत लावली, तर सहा तासांत एकही चूक नाही! फ्लेक्स खराब असेल तर हार्ड डिस्कला ती चांगली कशी?

उत्तर लॉगमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. तिसऱ्या-चौथ्या रीसेटनंतर एक साधी ओळ येते: साटा लिंकचा वेग सेकंदाला ३.० गीगाबिटवर आणतोय. चुका वाढल्या की लिनक्स स्वतःच वेग उतरवतं, म्हणून दिवसभर सुरळीत, आणि रीस्टार्ट केलं की पुन्हा ६.० पासून सुरुवात. हार्ड डिस्कचं स्मार्ट पुन्हा वाचलं तर तिथं स्पष्ट लिहिलेलं: साटा २.६, ३.० गीगाबिट. म्हणजे या फ्लेक्सवरून आजवर कधी ६.० गेलंच नव्हतं. तिची खरी परीक्षा एसएसडीनं घेतली.

ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'लिबाटा.फोर्स' ३.० केलं, म्हणजे वेग सुरुवातीपासूनच ३.० वर बांधला. तेव्हापासून २१४.

नव्या फ्लेक्ससाठी पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन फेऱ्या झाल्या. एका दुकानात त्याच नावाची पण एक पिन कमी असलेली दिली. दुसरीकडच्या काकांनी मात्र भंगार बोर्डांचा डबाच पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "शोधा निवांत." फ्लेक्सचा पार्ट नंबर जुळवून बघणारं दुकान मला ऑनलाइनच्या फोटोपेक्षा केव्हाही भरवशाचं वाटतं. तिथं मिळाली नाही, म्हणून शेवटी ऑनलाइन मागवली.

पण हे लिहिता लिहिता वाटलं, ६.० हवंय कशाला ते आधी मोजावं. उठून तीच एसएसडी डेस्कटॉपवर दोन्ही वेगांना चालवली. सलग वाचनात सेकंदाला ५२० विरुद्ध २७० एमबी, म्हणजे निम्मं. पण ४केचं (चार केबीच्या छोट्या तुकड्यांचं) विखुरलेलं वाचन, एकेक करून, यात फरक जेमतेम सात टक्के. आणि मशीन सुरू होताना, ब्राउझर उघडताना काम चालतं ते असंच विखुरलेलं. ५४०० आरपीएमच्या तबकडीला एक फेरा मारायला ११ मिलिसेकंद लागतात, सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, वर हेड हलायचे दहा-बारा. म्हणजे सेकंदाला साठेक वाचनं, बस. एसएसडी तेच काम हजारोंनी करते. आपण पैसे मोजतो ते हेड न हलण्याचे. लॅपटॉपमध्ये ३.० वर बूट २९ सेकंद! फ्लेक्सची ऑर्डर आत्ताच रद्द केली.

तेव्हा जुन्या, स्वस्त मशीनमध्ये एसएसडी घालणार असाल तर माझी कळकळीची विनंती: एसएसडी परत पाठवण्याआधी १९९ बघा. आज आणि उद्या बघा, कारण तो कधी शून्य होत नाही. वाढतोय का एवढंच महत्त्वाचं.

जुनी हार्ड डिस्क टाकलेली नाही. यूएसबी ३.०च्या केसमध्ये घालून भाचीचे सगळे फोटो तिच्यावर ठेवलेत. कपाटात महिनोन्महिने विजेशिवाय पडून राहायचं असेल तर फ्लॅशच्या पेशींमधल्या विद्युतभारापेक्षा मला तबकडीवर जास्त विश्वास आहे. वेगाचं तिथं काही काम नाही.

फ्लेक्सचे पैसे वाचले, ते रॅमला. चार जीबीत दहा टॅब उघडले की स्वॅप (रॅम भरली की डिस्कवर लिहिणं) सुरू होतो आणि बिचाऱ्या एसएसडीवर उगाच लिखाण वाढतं. स्लॉट एकच, ८ जीबीपर्यंत चालतो. या प्रोसेसरला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल रॅम लागते, साधी दीड व्होल्टची चालत नाही, आणि जुन्या मालात दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतात. शनिवारी भिंग घेऊन त्या काकांकडे.