टी-७२: इंजिन बदलायचं की रणगाडाच?

ईएमईत (लष्कराची वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) असताना टी-७२ वर भरपूर हात काळे केलेत. त्यामुळे मार्च २०२५ मधला करार वाचून बरं वाटलं: ७८० ऐवजी १००० अश्वशक्तीची इंजिनं. एकेचाळीस टनांच्या धुडाला ती हवीच होती.

हल, म्हणजे रणगाड्याचं पोलादी धड, सहजासहजी थकत नाही. आधी मान टाकतं इंजिन, मग वायरिंग. इंजिनातलं तेल बोटांत चोळल्यावर धातूची कचकच लागली, की ओव्हरहॉल करायचाच. तेवढ्यासाठी रणगाडा मोडीत काढू नये.

पण दारूगोळा टरेटखालीच (तोफेच्या फिरत्या घुमटाखाली), क्रूच्या पायाशी गोलाकार मांडलेला. ती रचना कुठल्याही वर्कशॉपला बदलता येत नाही. युक्रेनमध्ये तोच दारूगोळा पेटून उडालेली टरेट्स आपण सगळ्यांनी पाहिलीत. इंजिनं जरूर बसवा, पण आतल्या तीन पोरांसाठी नवा रणगाडाही लवकर आणा.