आलेख जुळला तेव्हाच शंका यायला हवी होती

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मॅडमनी दिलेला विषय ऐकायला सोपा होता. संगणकात घडवलेल्या विश्वातल्या आणि जेम्स वेब दुर्बिणीला दिसलेल्या आरंभीच्या दीर्घिका मोजायच्या आणि एकाच आलेखावर मांडायच्या. काळ रेडशिफ्ट १० चा, म्हणजे महास्फोटानंतर साधारण ४७ कोटी वर्षांचा. (विश्व प्रसरताना प्रकाश किती ताणला गेला याचं माप म्हणजे रेडशिफ्ट; तो जितका मोठा, तितका काळ जुना.)

इलस्ट्रिस टीएनजी या संगणकातल्या विश्वाचा, म्हणजे सिम्युलेशनचा, डेटा कुणालाही फुकट मिळतो. मी त्यातल्या टीएनजी-१०० या घनाकृती खोक्याचा स्नॅपशॉट क्रमांक ४, म्हणजे त्या काळचं चित्र, घेतला. प्रत्येक दीर्घिकेत वर्षाला किती सूर्यांच्या वजनाचे तारे जन्मतात, हा आकडा कॅटलॉगमध्ये तयारच असतो. त्यावरून अतिनील प्रकाश काढला, तेजाप्रमाणे दीर्घिका मोजल्या आणि खोक्याच्या घनफळाने भागलं. वेबचे ठिपके छापून आलेल्या निबंधांतल्या तक्त्यांतून उचलले.

रात्री दीड वाजता आलेख आला. माझी रेघ ठिपक्यांतून अशी गेली होती, की जणू पट्टीनं ओढलीय! २०२२ पासून सगळे म्हणत होते की वेबला अपेक्षेपेक्षा जास्त तेजस्वी दीर्घिका दिसताहेत. माझ्याकडे मात्र भांडणच नाही. झोप कसली येतेय.

सकाळी मॅडमनी आलेखाकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"खोक्याची बाजू किती धरलीस?"

"७५ मेगापार्सेक."

"अगं, ७५ च्या पुढे काय लिहिलंय?"

मेगापार्सेक या अंतराच्या एककापुढे लिहिलं होतं, भागिले एच. विश्व किती वेगानं प्रसरतंय हे सांगणाऱ्या हबल स्थिरांकाला १०० नं भागलं की हा एच मिळतो. टीएनजीत तो ०.६७७४ आहे. म्हणजे बाजू ७५ नाही, ११०.७. घनफळ ३.२ पट मोठं, आणि माझ्या दीर्घिका तितक्याच पट दाट मोजलेल्या. एक ओळ दुरुस्त केली, तर लॉग आलेखावर, जिथे एक घर म्हणजे दहा पट, अख्खी रेघ अर्धं घर खाली सरकली. तेजस्वी टोकाला वेबचे ठिपके वर लटकत राहिले. शिवाय प्रकाश अडवणाऱ्या धुळीचा हिशेब धरला की सिम्युलेशनच्या दीर्घिका आणखी मंद होतात, म्हणजे दरी वाढतेच.

माझं तोंड बघून मॅडमनी वेबला दिसलेल्या सीअर्स-९३३१६ या दीर्घिकेची गोष्ट सांगितली. २०२२ मध्ये नुसत्या छायाचित्रांवरून तिचा रेडशिफ्ट १६ च्या पुढे धरला होता. २०२३ मध्ये वर्णपट घेतला तर ४.९ निघाला. वायूच्या ठळक रेषा आणि धूळ यांनी मिळून खूप दूरच्या दीर्घिकेच्या रंगांचं सोंग घेतलं होतं. चुका दुर्बिणीकडच्या लोकांच्याही होतात, एवढाच त्यातला दिलासा.

दरी तशीच ठेवून प्रबंध दिला. कारणांच्या प्रकरणात तारे सलग न जन्मता धडाक्यानं जन्मत असावेत, ही शक्यता लिहिली. ती तपासायला वेळ उरला नव्हता. तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारायला सुरुवात केली, "तुमच्या खोक्याची..."

"११०.७," मी म्हणाले.

त्यांना खरं तर खोक्यातल्या वायूबद्दल विचारायचं होतं.