पिरियडायझेशन: लीनियर, अंड्युलेटिंग की ब्लॉक?

ताकदीसाठी वजने उचलणाऱ्यांमध्ये सर्वांत जास्त वाद ज्या विषयावर होतो, तो म्हणजे पिरियडायझेशन, अर्थात सरावाचा भार आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशेबाने आखून बदलत नेणे. वर्षभर एकाच सेट-रेपवर (रेप म्हणजे वजन एकदा उचलणे, सेट म्हणजे अशा सलग रेपचा गट) अडून राहणाऱ्यांपेक्षा असा बदल करणाऱ्यांची कमाल ताकद अधिक वाढते, हे संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. खरा प्रश्न कोणती आखणी निवडावी, हा आहे. उचलणारा सरावात किती मुरला आहे आणि त्याला आपली ताकद ठरावीक तारखेला दाखवायची आहे का, या दोन गोष्टींवर त्याचे उत्तर अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

लीनियर, म्हणजे एकाच दिशेने पुढे जाणाऱ्या, आखणीचे मूळ सोव्हिएत अभ्यासक लेव्ह मातवेयेव्ह यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या विचारात आहे. सुरुवातीला काम (एकूण सेट आणि रेप) भरपूर आणि वजन मध्यम ठेवायचे, आणि स्पर्धा जवळ येईल तसे काम कमी करत वजन चढवायचे. व्यवहारात सांगायचे तर काही आठवडे एकदाच उचलता येणाऱ्या कमाल वजनाच्या साधारण ७० टक्क्यांवर १० रेप, मग ८० ते ८५ टक्क्यांवर ५ आणि शेवटी ९० टक्क्यांच्या पुढे २ किंवा ३. नवशिक्याला याहून गुंतागुंतीचे काहीही देऊ नये, कारण त्याचे शरीर जवळजवळ प्रत्येक आठवड्याला थोडे जास्त वजन स्वीकारते आणि हलक्या वजनावर त्याचे तंत्रही घट्ट होते. अडचण पुढे येते: शेवटच्या टप्प्यात एकूण काम इतके घटते की स्नायुवाढीची चालना मंदावते.

या अडचणीवरचा उपाय म्हणून ताकदीचे प्रशिक्षक चार्ल्स पोलिक्विन यांनी १९८८मध्ये दर दोन आठवड्यांनी भार बदलण्याची सूचना केली. पुढे हा बदल आठवड्यातल्या प्रत्येक दिवसापर्यंत आला आणि त्यालाच डेली अंड्युलेटिंग, म्हणजे रोजच्या चढ-उतारांची आखणी, म्हणतात. २००२मध्ये संशोधक ऱ्ही आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात एका गटाने ८, ६ आणि ४ रेप चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत केले, तर दुसऱ्याने तेच आकडे एकाच आठवड्याच्या तीन दिवसांत विभागले. बेंच प्रेसमध्ये पहिल्या गटाची ताकद सुमारे १४ टक्के वाढली आणि दुसऱ्याची सुमारे २९ टक्के. या आकड्यांमुळे अंड्युलेटिंगचा डंका वाजला. पण नंतर अनेक प्रयोग एकत्र करून पाहिल्यावर दोन्ही पद्धतींमध्ये ठोस फरक उरला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. १२ आठवडे म्हणजे लीनियर आखणीचा जेमतेम एक फेरा, आणि अनेक वर्षे मुरलेल्या उचलणाऱ्याला कोणती आखणी पुढे नेईल, हे एका फेऱ्यावरून ठरवता येत नाही. तरीही अंड्युलेटिंगचा एक व्यावहारिक फायदा मला मोठा वाटतो: जड वजनाची सवय आणि स्नायुवाढीचे काम, दोन्ही दर आठवड्याला चालू राहतात.

ब्लॉक पद्धतीचा विचार वेगळ्या गरजेतून आला. क्रीडाशास्त्रज्ञ व्लादिमीर इसुरिन यांच्या मांडणीत संचय (पायाभूत क्षमता साठवणे), रूपांतर (त्यांना खेळाला लागणाऱ्या क्षमतांत बदलणे) आणि प्रत्यक्ष प्रकटीकरण (स्पर्धेसाठी त्या दाखवण्याची तयारी) असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात मोजक्याच क्षमतांवर एकवटून काम होते. कोणती क्षमता सराव थांबल्यावर किती काळ टिकते, हा त्याचा पाया आहे. इसुरिन यांच्या मते कमाल ताकद साधारण ३० दिवस टिकते, तर कमाल वेग जेमतेम ५ दिवस. फेकीचे किंवा कुस्तीचे खेळाडू, ज्यांना ताकद, वेग आणि दम सगळेच लागते, त्यांना हा हिशेब अमूल्य आहे. केवळ स्क्वॉट, बेंच आणि डेडलिफ्ट करणाऱ्याला त्याचा पूर्ण सांगाडा क्वचितच लागतो.

म्हणूनच नवशिकेपण ओलांडलेल्यांना मी लीनियर आणि अंड्युलेटिंग या दोन पद्धतींचा मिलाफ सुचवतो. आठवड्यात एक दिवस जड, एक मध्यम आणि एक जास्त रेपचा ठेवावा. मात्र महिन्यामागून महिना या तिन्ही दिवसांचे रेप हळूहळू उतरवत आणि वजन चढवत न्यावे. साठलेला थकवा उतरावा म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास डीलोड, म्हणजे हलक्या सरावाचा आठवडा, घ्यावा. कमाल वजनाची चाचणी ठरलेली असेल, तर शेवटच्या आठवडा-दीड आठवड्यात सेट जवळपास निम्म्यावर आणावेत, पण बारवरचे वजन फारसे उतरवू नये.