नोबेल घराण्याचा तेलाचा धंदा

नोबेल म्हटलं की आपल्याला आल्फ्रेड, डायनामाइट आणि ते बक्षीस एवढंच आठवतं. पण त्याच्या दोन मोठ्या भावांनी आणि नंतर पुतण्याने आजच्या अझरबैजानमधल्या बाकूमध्ये जो तेलाचा धंदा उभा केला तो मला डायनामाइटइतकाच मोठा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून आज हे लिहायला घेतलं.

सुरुवात तेलाने झालीच नव्हती. लुडविगकडे रशियन सरकारचं रायफलींचं कंत्राट होतं, दस्त्यांसाठी अक्रोडाचं लाकूड हवं होतं, ते शोधायला १८७३ मध्ये त्याने थोरल्या रॉबर्टला २५,००० रुबल देऊन कॉकेशसकडे पाठवलं. रॉबर्ट बाकूला पोचला, तिथली तेलाची धांदल बघितली आणि लाकूड राहिलं बाजूला, त्या पैशातून त्याने एक छोटी रिफायनरीच घेऊन टाकली!

रॉबर्टने रॉकेल चांगल्या प्रतीचं काढलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, पण धंदा मोठा केला लुडविगने. त्याने ओळखलं की खरं दुखणं तेल काढण्यात नाही, तेल नेण्यात आहे. विहिरींवरून रिफायनरीपर्यंत तेल लाकडी पिंपांत भरून दोनचाकी गाड्यांवरून यायचं, पिंपं गळायची, भाडं भरमसाट, आणि पुढे कॅस्पियन समुद्रातून जहाजाने जायचं तेही पिंपांतच. लुडविग बाकीच्या कारखानदारांना म्हणाला सगळे मिळून पाइपलाइन टाकू, कुणी तयार होईना, मग त्याने स्वतःच टाकली. गाडीवाल्यांचं पोटच त्या वाहतुकीवर होतं त्यामुळे ते खवळले, पाइपलाइनला पहारे बसवावे लागले. मग १८७८ मध्ये स्वीडनच्या मोताला कारखान्यातून त्याने ‘झोरोआस्टर’ नावाचं जहाज बांधून घेतलं, ज्यात पिंपं नाहीतच, तेल थेट जहाजाच्या टाक्यांत. आजच्या ऑइल टँकरची सुरुवात इथली, आणि या माणसाने त्याचं पेटंटसुद्धा घेतलं नाही!

१८७९ मध्ये भावांनी रीतसर कंपनी काढली, ब्रानोबेल, भांडवल ३० लाख रुबल, आल्फ्रेडचाही त्यात हिस्सा होता. तेलाने काळवंडलेल्या त्या भागाशेजारी लुडविगने कर्मचाऱ्यांसाठी व्हिला पेट्रोलिया ही वसाहत उभारली, बाग फुलवायला माती बाहेरून आणली, पाणी जहाजांतून आणलं. नफ्यातला वाटा कामगारांना देणारा मालक त्या काळात किती दुर्मिळ असेल विचार करा.

१८८८ मध्ये लुडविग गेला आणि त्याचा तिशीच्या आतला मुलगा एमॅन्युएल गादीवर आला. मला या सगळ्यात सगळ्यात जवळचा वाटतो तो हा. १८९६ मध्ये आल्फ्रेड वारला, मृत्युपत्रात जवळपास सगळी संपत्ती बक्षिसांसाठी, आणि त्या संपत्तीत ब्रानोबेलचे शेअरही होते. ते बाहेर विकले गेले असते तर कंपनीच हलली असती. नातेवाईक मृत्युपत्राला विरोध करत होते, स्वीडनचा राजा दुसरा ऑस्कर यानेही एमॅन्युएलवर दबाव आणला, पण त्याने काकाचा शब्द मोडू दिला नाही. तो विरोधकांच्या बाजूने गेला असता तर बक्षीस सुरू होणं फार अवघड झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

१८९८ मध्ये एमॅन्युएलने रुडॉल्फ डिझेलकडून इंजिनाचे हक्क घेतले, आणि १९०३ मध्ये कंपनीचं ‘वांदाल’ हे डिझेलवर चालणारं टँकर जहाज व्होल्गावर धावू लागलं. म्हणजे तेल विकणाऱ्यांनीच तेल जाळायचं नवं इंजिनही रशियात रुजवलं.

एप्रिल १९२० मध्ये बोल्शेविकांचं, म्हणजे रशियन कम्युनिस्टांचं, लाल सैन्य बाकूत शिरलं आणि विहिरी, रिफायनऱ्या सगळं सरकारजमा झालं. तरी त्याच उन्हाळ्यात नोबेलांनी कंपनीचा जवळजवळ अर्धा हिस्सा न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलला विकला, कारण बोल्शेविक फार दिवस टिकत नाहीत असा अमेरिकनांचा हिशोब होता. बाकूच्या विहिरी मात्र ना नोबेलांना परत मिळाल्या ना स्टँडर्ड ऑइलला.