स्ट्रासबूर्गची चिलटं आणि आपल्या उसातली बुरशी

२६ डिसेंबरला इथे अल्सासमध्ये सुट्टी असते. बाकीच्या फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी त्या दिवशी कामं सुरू होतात, इथे मात्र गाव शांत. रिकाम्या ट्राममधून मी लॅबला निघाले होते, चिलटं मोजायला. केळी जास्त पिकली की टोपलीभोवती घोंघावतात ना, तीच. आज किती मेली, किती उरली, हा आकडा रोज ठरल्या वेळी वहीत उतरवावाच लागतो.

चिलटाच्या अंगात अँटिबॉडी नसतात. तरी ते सडक्या फळावर जन्म काढतं. रोगजंतू आत शिरला हे त्याला कळतं कसं? माझं सगळं काम या एका प्रश्नाभोवती आहे. १९९६ मध्ये याच शहरात, ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की 'टोल' नावाचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर बसून बाहेरचा निरोप झेलणारं प्रथिन, बिघडलेली चिलटं बुरशीपुढे टिकत नाहीत. दोन वर्षांनी ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरात टोलचाच भाऊबंद सापडला. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला एक पदार्थ तो ओळखतो. आपल्या पेशींवरही तो आहे. २०११ च्या नोबेलमध्ये या दोघांचा वाटा होता.

मला मात्र यापुढची गोष्ट जास्त आवडते. चिलटाचा टोल स्वतः जंतूला शिवतच नाही. रक्तात फिरणारी दुसरी प्रथिनं बुरशीच्या भिंतीतली साखर ओळखतात, एक प्रथिन दुसऱ्याला कापून जागं करतं, आणि शेवटी निरोप टोलपर्यंत पोचतो. हे झालं चेहऱ्यावरून चोर ओळखणं. पण कीटकांवर जगणारी बुरशी अंगावरचं कवच विरघळवायला एक एन्झाइम सोडते. चिलटाकडे 'पर्सेफोनी' नावाचं प्रथिन पहाऱ्याला असतं. त्या एन्झाइमने पर्सेफोनीला कापलं की तिकडूनही टोल जागा होतो. म्हणजे चेहरा लपवला तरी कुलूप फोडताना चोर सापडतोच! हेही याच शहरात उलगडलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

प्रयोग दिसायला साधा. कार्बन डायऑक्साइड सोडून चिलटं निपचित करायची आणि बुरशीच्या पांढऱ्या बीजाणूंनी भरलेल्या थाळीत हलक्या हाताने घोळवायची, अनारसा खसखशीवर थापावा तशी. मग मक्याचं पीठ नि यीस्ट घातलेल्या खाद्याच्या नळीत सोडायची. त्या दिवशी टोल बिघडलेल्यांच्या नळीत वीसपैकी दोनच चालत होती. बाकीच्यांच्या सांध्यांतून कापसासारखे पांढरे तंतू फुटले होते. शेजारच्या नळीत धडधाकट टोलवाली अठरा काचेवर चढत होती.

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"अगं, ही बिव्हेरिया तर नव्हं? आप्पा उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीसाठी मेटारायझियमची बुरशी सोडत्यात, त्याच्या शेजारीच दुकानात हिचा पुडा असतोय."

"हो गं, तीच."

"मग हुमणीलाबी हे असलं पहारेकरी असतील की. तरी ती मरती कशी?"

मी वही ओढली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहून घेतला. उद्या लॅबमध्ये तिथूनच सुरुवात करायची आहे.