तीन कोटेशनच्या नादात शटल सुटता सुटता राहिलं

थर्ड इयरला असताना टायनी टेपआउटवर (अनेकांची छोटी डिझाइन्स एकत्र करून चिप बनवून देणारा परदेशातला उपक्रम) स्वतःची चिप बनवून घेतली, ज्युनियर सारखे विचारतात म्हणून लिहितोय. डिझाइनचं म्हणाल तर ढोलाच्या ठेक्याचा सिक्वेन्सर होता, व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायची भाषा) लिहून गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टाकला की लेआउट, म्हणजे चिपचा नकाशा, तिथेच आपोआप तयार होतो, त्याला पैसे पडत नाहीत. स्कायवॉटर या अमेरिकन चिप कारखान्याच्या १३० नॅनोमीटर प्रोसेसच्या डिझाइन फाइल्स २०२० पासून सगळ्यांना खुल्या आहेत म्हणून हे शक्य आहे. आणि एका चिपवर कितीतरी जणांची डिझाइन्स बसतात, एका टाइलला (चिपवरचा एक चौकोन) जागा साधारण १६० बाय १०० मायक्रॉन, त्यामुळे खर्च वाटला जातो. ठरलेल्या तारखेला निघणाऱ्या अशा एकत्र फेरीला शटल म्हणतात.

अडलं ते चिपचे पैसे भरताना, कॉलेजच्या अकाउंट्समध्ये. प्रोजेक्ट फंड मंजूर, एचओडी सरांची सही झालेली, तरी खिडकीतल्या काकांनी पान उलटून विचारलं, "बाकीची दोन कोटेशन?" म्हटलं काका, हे शटल चालवणारे हेच एक आहेत. "मग कम्पॅरेटिव्ह कसं करायचं?" दुसऱ्या दिवशी पार्टीचा जीएसटी नंबर मागितला, परदेशातल्या पार्टीचा कुठून आणू? मग म्हणे ही वस्तू आहे का सर्व्हिस, वस्तू असेल तर डेड स्टॉक रजिस्टरला (कॉलेजच्या टिकाऊ वस्तूंची वही) नोंद लागेल, आणि वस्तू तर अजून बनलेलीच नाही! अकरा दिवस मी प्रॅक्टिकल बुडवून त्या खिडकीपाशी उभा होतो आणि इकडे शटलची तारीख जवळ येत होती, ती कुणासाठी थांबत नाही. शेवटी दादाच्या कार्डावरून पैसे भरले. (कार्डावर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधीच चालू करून ठेवा.)

नंतर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी सांगितलं की अशा वेळी प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (हे एकाच ठिकाणी मिळतं असं लिहून दिलेला कागद) जोडतात, एक पानाचं असतं, मग तीन कोटेशन लागत नाहीत. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! तर कोड लिहायला बसायच्या आधी हा कागद करून घ्या.

तुमचं कॉलेज सीटूएस (चिप्स टू स्टार्टअप) या केंद्र सरकारच्या योजनेत असेल तर आधी सरांना मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्याबद्दल विचारा, तिथे १८० नॅनोमीटरवर विद्यार्थ्यांच्या चिप बनतात.

चिप यायला महिने लागतात, माझी आली तेव्हा मी फायनल इयरला होतो. बोर्ड लॅपटॉपला लावला, यादीतून माझं डिझाइन निवडलं, स्पीकरची वायर धरली आणि ठेका वाजला. दादाला फोनवरच ऐकवला. त्याचे पैसे कॉलेजकडून अजून यायचेत, पावती आणि कार्डाचं स्टेटमेंट दोन्ही जपून ठेवलंय, तुम्हीही ठेवा.